बोअरच्या जड पाण्यात गीझर आणि वॉशिंग मशीन सांभाळायचं तर आधी काय करायचं, मग काय

पुण्याच्या वाघोली, उंड्री, हिंजवडीकडे बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, आणि थंडी सुरू झाली की तेच प्रश्न येतात. गीझर कडकड वाजतोय, पाणी तापायला दुप्पट वेळ लागतोय, मशीनमधून काढलेले टॉवेल पापडासारखे कडक होतायत. आणि मग कोणीतरी सांगतं की बाथरूमचं ॲसिड ओत, कोणी म्हणतं सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसव, कोणी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून आकडा सांगतं. यातल्या बऱ्याच गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, पण क्रम चुकला की एलिमेंट (गीझरमधली पाणी तापवणारी कॉइल) जातो, टाकी जाते नाहीतर किचनचा ओटा खराब होतो. म्हणून खाली सगळं क्रमानेच लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

१. आधी मोजा, आणि टीडीएस नाही तर हार्डनेस मोजा

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून आकडा दाखवतो. विरघळलेलं मीठ सोडियमचं आहे की कॅल्शियमचं हे त्याला कळत नाही, आणि गीझरमध्ये थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियमचा, थोडा मॅग्नेशियमचा. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस भरपूर, पण त्यात सोडियमचा वाटा मोठा. उलट आपल्या काळ्या खडकातल्या बोअरला टीडीएस मध्यम दिसला तरी त्यातलं बहुतेक कॅल्शियम-मॅग्नेशियमच असू शकतं. त्यामुळे 'आमचा टीडीएस ६००, काय करू' या प्रश्नाला उत्तरच नाही.

हार्डनेस (पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजायचं थेंबाचं किट ऑनलाइन मिळतं, तेच घ्या. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, इंडिकेटर टाकला की पाणी गुलाबी-लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत एकेक टाकायचे आणि प्रत्येक थेंबानंतर हलवायचं. रंग आधी जांभळा होतो आणि मग निळा. बरेच जण जांभळ्यावरच थांबतात आणि आकडा कमी धरतात. पूर्ण निळा होईपर्यंत थेंब टाकत राहायचं. थेंब गुणिले बॉक्सवर दिलेला आकडा, की आलं उत्तर मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये (यालाच पीपीएम म्हणतात). किट नको असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घेता येतं.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण हार्डनेस २०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. पण हे पिण्याचं झालं, गीझरला त्या २०० चा पण त्रास होतो. माझा ढोबळ हिशोब असा: १२० च्या खाली निवांत राहा, २५० पर्यंत वर्षातून एकदा साफसफाई, ४०० पर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि त्याच्या वर असेल तर पायरी ७ नीट वाचा.

तपासून बघा: एक लिटर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार करा, आटलं तेवढं आरओचं पाणी घालून परत एक लिटर करा, खाली बसू द्या आणि वरचं निथळ पाणी पुन्हा मोजा. जेवढा आकडा कमी झाला तेवढाच भाग तापवल्यावर थर म्हणून बसणारा. आधी ४५० होता आणि उकळून १५० राहिला तर तुमच्या गीझरचं काही खरं नाही.

आणि हो, एकदाच मोजून थांबू नका. मनपाचं पाणी, बोअर आणि टँकर एकाच टाकीत येत असेल तर आकडा आठवड्याला बदलतो. धरणाचं पाणी बोअरच्या मानाने बरंच मऊ असतं. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा असं मोजलं तर अंदाज येतो.

२. घरात पाणी कुठे तापतं आणि कुठे वाळतं ते बघा

थर दोनच ठिकाणी बसतो, जिथे पाणी तापतं तिथे आणि जिथे वाळतं तिथे. थंड पाणी नेणारा पाइप वर्षानुवर्षं टिकतो पण त्याच पाण्यावरचा गीझर दोन हिवाळ्यात बोलायला लागतो, कारण तापवलं की पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट गरम एलिमेंटवरच चिकटतं. ६० अंशांच्या पुढे हे जोरात होतं.

तर यादी करा. गीझर, केटल, फ्रंट लोड मशीनचा हीटर, स्टीम इस्त्री, सोलर हे तापणारे. नळाची जाळी, शॉवर, कूलरची पॅड हे वाळणारे. सेमी ऑटोमॅटिक मशीनला हीटर नसतो, त्यामुळे तिथे थराचं दुखणं कमी आणि साबणाच्या चिकट्याचं जास्त. यादी केल्यावर मेहनत कुठे घालायची ते आपोआप कळतं, नाहीतर माणसं नळ घासत बसतात आणि गीझर तसाच राहतो.

३. सामान आधी जमवा

सायट्रिक ॲसिड अर्धा किलो (किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं), प्लास्टिकच्या दोन बादल्या, रबरी हातमोजे, जुना टूथब्रश, पक्कड, पाना, टेस्टर, आणि गीझर उघडणार असाल तर त्याच मॉडेलचं नवीन गॅस्केट (जोडातून पाणी गळू नये म्हणून बसवायची रबरी चकती). गॅस्केट आधी आणा. जुनं काढल्यावर परत नीट बसेलच असं नाही आणि रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं.

व्हिनेगर पण चालतं पण बाजारातलं साधारण ४ टक्क्यांचंच असतं, त्यामुळे ढीगभर लागतं आणि घरभर वास. १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड हिशोबाने ७५-७८ ग्रॅम चुनखडी विरघळवतं, आणि वास नाही.

सावध राहा:
- बाथरूम साफ करायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, गीझरमध्ये अजिबात नको. स्टीलला त्याने बारीक खड्डे पडतात, नळाचा क्रोम उडतो.
- कुठलंही ॲसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू होतो. एकामागोमाग पण नको, मध्ये भरपूर पाण्याने धुवा.
- कडप्पा, शहाबादी आणि मार्बल हे दगड स्वतःच चुन्याचे आहेत. सायट्रिकचा थेंब पडला तरी पॉलिश जाऊन पांढुरका डाग राहतो आणि तो पुसून निघत नाही. बादली ओट्यावर नाही, मोरीत ठेवायची, आणि मोरीची फरशी शहाबादी असेल तर खाली मोठा प्लास्टिकचा टब.
- ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे काही भिजवू नका.

४. हात बसवायला केटल, नळ आणि शॉवर

इथे चूक झाली तरी स्वस्तात पडते, म्हणून गीझरच्या आधी हे.

केटलमध्ये लिटरभर पाणी कोमट करा, बंद करा, प्लग काढा, मग एक मोठा चमचा सायट्रिक हळूहळू टाका. फसफसून वर येतं म्हणून केटल काठोकाठ भरायची नाही. अर्धा तास ठेवा आणि ओता. इथली नेहमीची चूक म्हणजे सायट्रिक घालून खळखळ उकळणं. गरम आणि घट्ट झालं की कॅल्शियम सायट्रेट नावाची पांढरी पूड तयार होते, ती विरघळत नाही, आणि माणूस म्हणतो क्षार वाढलाच की. तसं झालं तर गार पाण्याने धुऊन काढा आणि नवीन द्रावण घ्या, कोमटच.

तपासून बघा: फसफस थांबली म्हणजे थर संपला असं नाही, कधी कधी ॲसिडच संपलेलं असतं. राहिलेल्या डागावर ताज्या द्रावणाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर परत एक फेरी.

नळाची जाळी फिरवून निघते, हाताने नाही निघाली तर पक्कड आणि जाळीच्या मध्ये कापड धरा म्हणजे ओरखडे येत नाहीत. जाळी वेगळी भिजवा, अर्धा-एक तास बास. क्रोमचा शॉवर रात्रभर ॲसिडच्या पिशवीत बांधून ठेवायचा जो सल्ला फिरतो तो सोडून द्या, सकाळी पिवळी पितळ दिसते.

५. गीझर

हा भाग सावकाश वाचा. वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका, कंपनीचा माणूस बोलवा आणि त्याच्याकडून खालच्या गोष्टी होतायत की नाही ते उभं राहून बघा. वायरिंगचा हात नसेल तरी तेच. गॅस गीझरला तर हात लावूच नका, तो माणसाकडूनच.

५.१ वीज. नुसता स्विच बंद करून भागत नाही, एमसीबी (बोर्डावरचा ब्रेकर) पाडा, प्लग असेल तर काढा, आणि टर्मिनलवर टेस्टर लावून बघा. टेस्टर आधी चालू सॉकेटला लावून चालतोय याची खात्री करा.

५.२ गार होऊ द्या. दोन-तीन तास, किंवा गरम नळ सोडून आत गार पाणी येऊ द्या. घाईत उकळतं पाणी हातावर घेणारे दरवर्षी असतात.

५.३ पाणी काढा. इनलेटचा (गार पाणी आत येतं तिथला) कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग इनलेटकडचा पाइप किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) काढून पाणी बादलीत. पाणी एकदम थांबलं तर टाकी रिकामी झाली असं समजू नका, खपली आडवी आली असते. बारीक काडी घाला, परत येतं.

५.४ फोटो काढा. खालचं प्लास्टिक कव्हर काढलं की थर्मोस्टॅट आणि वायरी दिसतात. कुठली वायर कुठे, याचा फोटो काढल्याशिवाय एकही स्क्रू सोडायचा नाही.

५.५ एलिमेंट बाहेर. फ्लँजचे (एलिमेंट ज्या प्लेटवर बसवलेला असतो तिचे) नट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत काढा. बाहेर येतो तेव्हा एलिमेंट ओळखू येत नाही, वेटोळ्यांच्या मधली फट भरून गेलेली असते आणि वरून मातकट-पांढरे पापुद्रे, बोटाने दाबले की करकर मोडतात. ती कडकड इथूनच येते, थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफ होऊन फुटत असतं. त्या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत लाल होतो आणि एक दिवस जातो.

छिन्नी, हातोडी, सुरी काही नको. सुटे पापुद्रे हाताने काढा, बाकी भिजवा. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक, कोमट पाणी, आणि वायरी जोडायची टर्मिनल पाण्याच्या वर राहतील असं उभं ठेवा. टर्मिनल भिजली तर आत ओल राहते आणि नंतर करंट उतरतो. दोन-तीन तासांत बहुतेक निघतं, नाही निघालं तर द्रावण बदला.

५.६ टाकी. बऱ्याच टाक्यांना आतून काचेचं अस्तर असतं, त्यामुळे आत सळई घालून खरवडायचं नाही. साध्या पाण्याने आतून परत परत धुवा, खपल्या यायच्या थांबेपर्यंत. १५ लिटरच्या टाकीतून सुद्धा भरपूर गाळ निघतो, घाबरू नका. हिशोब करा ना, ४०० हार्डनेसचं रोज १०० लिटर पाणी तापवलं तर त्यातून ४० ग्रॅम हार्डनेस रोज जातो, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. त्यातला थोडाच आत राहतो पण थोडं थोडं करत साठतंच.

५.७ ॲनोड रॉड. एलिमेंटजवळच मॅग्नेशियमची कांडी असते, टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. आतली तार दिसायला लागली असेल तर बदला. टाकी गळून गीझर भंगारात जातो त्यात न बदललेली कांडी हे मोठं कारण, आणि मेकॅनिक बहुतेक वेळा हिच्याबद्दल बोलतच नाही.

५.८ परत जोडणं आणि भरणं. नवीन गॅस्केट, नट समोरासमोरचे सारखे कसत. आता सगळ्यात महाग चूक: गडबडीत आधी स्विच चालू करणं. रिकाम्या टाकीत एलिमेंट काही क्षणात जळतो. आधी इनलेट उघडा, गरम नळ उघडा ठेवा, हवा फसफसत निघून जाईल, आणि नळाला अखंड धार आली की मगच बंद करा. दहा मिनिटं गळती बघा. कोरडं असेल तर कव्हर लावा आणि मग एमसीबी.

तपासून बघा: पहिल्यांदा तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडले तर ते बरोबर आहे, पाणी तापल्यावर फुगतं. हा व्हॉल्व्ह टपकतो म्हणून त्याला प्लग मारणं किंवा एम-सील लावणं हे मी बघितलेल्या सगळ्या उद्योगांत सर्वात धोकादायक. थर्मोस्टॅट बिघडला तर दाब जायला तीच एक वाट असते. क्षाराने व्हॉल्व्ह जाम झाला असेल तर बदला, काही लाखांची गोष्ट नाही.

५.९ थर्मोस्टॅट. फुल्लवर तापवून मग गार पाणी मिसळायची सवय सोडा, ५० ते ५५ वर ठेवा. थर बसायचा वेग तिथेच कमी होतो. घरात आजारी किंवा फार वयस्कर माणूस असेल तर आठवड्यातून एकदा ६० च्या वर जाऊ द्या, म्हणजे आत जंतू वाढत नाहीत.

६. वॉशिंग मशीन

पहिलं काम इनलेटची जाळी. नळ बंद करा, मागचा पाइप सोडा, आतली छोटी जाळी पकडीने ओढून काढा, ब्रशने घासा. मशीन पाणी हळू घेतंय, एरर दाखवतंय, यातल्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात आणि व्हिजिट चार्ज वाचतो.

फ्रंट लोडच्या हीटरवरचा थर काढायला आधी मॅन्युअल बघा. कंपनीने नाही म्हटलं नसेल तर रिकाम्या ड्रममध्ये डिस्केलिंग पावडर किंवा १०० ग्रॅम सायट्रिक घालून ६० अंशांचं सायकल चालवा, आणि लगेच एक साधं रिन्स. रात्रभर भरून ठेवू नका, रबरी सीलला ते बरं नाही. टब क्लीन बटण दाबलं म्हणजे क्षार गेला असं पण नाही, ते मुख्यतः बुरशी आणि घाणीसाठी असतं. आणि टब क्लीनला ब्लीच वापरत असाल तर त्या दिवशी सायट्रिक नाही.

कपडे कडक होतात, पांढरे मळकट दिसतात याला लोक जास्त पावडर घालतात. जड पाण्यात पावडर थोडी जास्त लागतेच, पाकिटावर जड पाण्याचं वेगळं माप असेल तर तेच घ्या, पण मापाच्या पलीकडे घातलेली सगळी कपड्यातच राहते. साबणाची वडी मात्र जड पाण्यात कॅल्शियमशी मिळून चिकटा करते, कॉलर वडीने घासून कपडे मशीनमध्ये टाकायची सवय असेल तर आधी खळबळून घ्या. धुण्याचा सोडा बादलीतल्या कपड्यांना उत्तम, आधी पाण्यात विरघळवून दहा मिनिटांनी कपडे घालायचे. फ्रंट लोडमध्ये मी घालणार नाही, पडलेला चुना आतच बसतो.

इथेच एक सांगायला हवं, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत जमवून मशीनमध्ये किंवा कूलरमध्ये ओतणारी बरीच घरं आहेत. पाणी वाचवायची भावना चांगली, पण आरओने काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, ते नळाच्या पाण्यापेक्षा जड असतं. फरशी पुसा, संडासात ओता, पण जे तापतं किंवा वाळतं त्यात नको. विदर्भातल्या कूलरवाल्यांनी तर जास्तच लक्षात ठेवा, तिथे पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत घट्ट होत राहतो. नुसती भर घालत न बसता दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण ओतून टाका, पॅड जास्त दिवस टिकते. स्टीम इस्त्रीला उलट आरओचं शुद्ध पाणी घाला.

७. सॉफ्टनर घ्यायचा की नाही

आकडा ४०० च्या वर आणि वर्षाला एक एलिमेंट जात असेल तर घ्या. २०० च्या आसपास असेल तर ते पैसे वाया, वर्षातून एकदा साफसफाई स्वस्त पडते.

खरा सॉफ्टनर म्हणजे रेझिनचा (बारीक मण्यांचा), जो कॅल्शियम धरून सोडियम सोडतो आणि मिठाने धुऊन परत ताजा होतो. पाइपला चिकटवायचे मॅग्नेटवाले जे मिळतात त्यांनी हार्डनेसचा आकडा जराही हलत नाही, किटने स्वतः मोजून बघा. मशीनच्या नळाला लावायचे फॉस्फेटचे छोटे कार्ट्रिज हार्डनेस काढत नाहीत, थर बसायला उशीर लावतात. गार पाण्याला ठीक, पाणी फार तापलं की त्यांचा जोर कमी होतो.

साइज काढायची पद्धत अशी, रोजचं पाणी गुणिले हार्डनेस. ५०० लिटर आणि ४०० असेल तर दिवसाला २०० ग्रॅम. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम धरतं, म्हणजे २५ लिटर रेझिन सहा दिवस चालतं, मग तीन-चार किलो मीठ लागतं. विकणारा माणूस हा हिशोब न करता बाथरूम किती एवढंच विचारत असेल तर दुसरा बघा.

बसवताना किचनच्या नळाला आणि झाडांच्या नळाला बायपास ठेवून घ्या, म्हणजे तिथे सॉफ्टनरमधून न जाता थेट पाणी येईल. दर १०० हार्डनेसमागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, ४०० ला १८४ झालं, बीपीवाल्या माणसाने ते रोज प्यायचं काही कारण नाही. कुंडीतल्या तुळशीला पण नको.

बसवल्यावर टीडीएस तेवढाच राहतो, किंवा किंचित वाढतो. हे बघून सॉफ्टनर बोगस निघाला म्हणून भांडणारे खूप. कॅल्शियमच्या जागी सोडियम आलंय, मीटरला दोन्ही सारखेच. थेंबाच्या किटने मोजा, पहिल्या थेंबालाच निळा झाला तर मशीन चालू आहे. चार-पाच दिवसांनी परत गुलाबी दिसायला लागलं तर मीठ संपलंय किंवा टायमर चुकीचा लावलाय. आणि सॉफ्टनर लावला म्हणून गीझरची कांडी विसरू नका, मऊ केलेल्या पाण्यात ती उलट लवकर झिजते, पहिल्या वर्षी सहा महिन्यांनीच उघडून बघा.